काठाचे तार

श्रावण पराते वेधशाळेत लागला त्याला सोळा वर्षं झाली होती, आणि या सोळा वर्षांत त्याच्या पाळीला आलेली सकाळी साडेआठची नोंद त्याच्या हातून एकदाही चुकली नव्हती. सोनेगावला विमानतळाच्या अलीकडे, गवत कापून सपाट केलेल्या एका चौकोनात पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी उभी असे. तिचं दार उघडायचं, डोळे पाऱ्याच्या नेमके समोर आणायचे, आकडा वहीत उतरवायचा, मग पाऊस मोजायच्या नळकांड्याकडे जायचं. पाऊस नसला तरी जायचं. नळकांडं कोरडं आहे हेसुद्धा लिहावं लागतं.

बाहेरगावच्या माणसाला नागपूर म्हटलं की मे महिन्यातलं ऊन आठवतं. पण वेधशाळेतल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो तो फाल्गुन-चैत्रात. सकाळी अंगावर चादर हवीशी वाटते आणि दुपारी डांबर मऊ होतं. पळस फुललेला असतो, संत्र्याच्या बागांत फळ नुकतं धरलेलं असतं, गहू खळ्यावर पडलेला असतो. अशात एखाद्या दिवशी बंगालच्या उपसागराकडून ओली हवा आत शिरते. अंग चिकचिकायला लागतं. तीनच्या सुमारास क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहतो, चारला गारा पडतात, पाचला पुन्हा ऊन. मधल्या तासाभरात कुणाचं तरी वर्ष गेलेलं असतं.

गारांचा श्रावणला नाद होता. ते काही त्याच्या कामात येत नव्हतं. गारा पडल्या, किती वेळ पडल्या, सुपारीएवढ्या की लिंबाएवढ्या, एवढं लिहिलं की काम संपे. पण तो थर्मास घेऊन अंगणात जाई, चांगल्या गारा वेचून आणी, आणि ब्लेड गरम करून एकेक गार मधोमध कापी. आत कांद्यासारखे पदर असतात, एक दुधी, एक पारदर्शक. पदर मोजले की गार ढगात कितीदा वर फेकली गेली याचा अंदाज येतो. आणि अगदी मध्यावर नेहमी काहीतरी असतं. धुळीचा कण, एखादं चिलट, गवताची काडी. काहीतरी धरायला असल्याशिवाय गार बनत नाही.

१९७४ साली होळीनंतर चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, पहिल्या गारा पडल्या. सहा मिनिटं. श्रावणनं पाच गारा वेचल्या. चौथी कापली तेव्हा ब्लेड कशाला तरी अडलं.

आत सूत होतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा, गोल गुंडाळलेला, पिवळा.

त्यानं तो चिमट्यानं काढून टीपकागदावर ठेवला. नागपुरात कापडाच्या गिरण्या आहेत, गल्लीगल्लीत हातमाग आहेत, संक्रांतीचा मांजा अजून झाडांवर लटकतो आहे. वावटळीत वर गेलं असेल, असं त्यानं स्वतःशी म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण कागदावर सुकत गेला तसा तो पिवळा रंग उजळला, केशरीकडे झुकला, आणि श्रावणनं तो ओळखला. तो रंग बाजारात मिळत नाही. पळसाची फुलं रात्रभर भिजवून, तुरटी घालून उकळली की तो येतो. आणि त्या रंगात सूत रंगवणारं एकच माणूस त्याला माहीत होतं.

ती त्याची वहिनी, मैनाबाई.

श्रावणचं घर मूळचं उमरेडचं, कोष्ट्याचं. वडिलांच्या माघारी थोरला भाऊ शालिकराम माग चालवी. त्यानंच श्रावणला मॅट्रिक आणि पुढे सायन्स शिकवलं. १९६१ च्या एप्रिलमध्ये, एका रविवारी, श्रावण घरी गेला होता. नोकरीला तीन वर्षं झाली होती, अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. त्या दिवशी शालिकरामला एक ताणा पाजायचा होता. ताणा म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत. ते गल्लीत लांबच्या लांब ताणून त्याला भाताची खळ पाजायची, कुंच्यानं सारखं करायचं आणि उन्हात वाळवायचं, तेव्हा त्यात विणण्याएवढा जीव येतो. खळ ओली असताना पाऊस आला तर सगळं सूत वाया जातं.

"काय म्हणते गा तुहं आभाळ?" शालिकरामनं हसत विचारलं होतं. "पाजू का नको पाजू?"

श्रावणनं वर पाहिलं. आभाळ निळं होतं. आदल्या दिवशी कचेरीतून निघताना त्यानं अंदाज वाचला होता: विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस आणि गारा. त्याला तो चांगला आठवत होता. पण तुरळक म्हणजे कुठंतरी दूर. भावासमोर, वहिनीसमोर, अडखळत 'कदाचित' म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

"बिनधास्त पाज, दादा," तो म्हणाला. "काही येत नाही."

साडेतीनला आलं. आधी धूळ, मग एकदम काळोख, मग गारा. श्रावण आणि मैनाबाई दारात होते. शालिकराम ताण्याचं पलीकडचं टोक सोडवायला धावला. ते किरमिजी सूत, काठाला पळसाच्या पिवळ्या तारांचं, हवेत उचललं गेलेलं दोघांनी पाहिलं. शालिकरामच्या दोन्ही हातांत त्याचं टोक होतं. त्यानं सोडलं नाही. मग धूळ आडवी आली.

वादळ ओसरल्यावर गल्लीत ना ताणा होता, ना शालिकराम. चार दिवस विहिरींत गळ टाकले, नाल्याकाठानं माणसं फिरली. नाल्याला पूर आला होता, तो त्यात गेला असेल, असं पोलिसांनी लिहून घेतलं. सुताचा एक तुकडासुद्धा कुठल्या बाभळीला अडकलेला सापडला नाही.

मैनाबाईनं कुंकू पुसलं नाही. जातीतल्या बायका बोलल्या, मग बोलायच्या थांबल्या. वर्षभरानं ती नागपूरला आली, तांडापेठेत टिनाच्या छपराची खोली घेतली, जमिनीत खड्डा करून माग बसवला आणि दुसऱ्यांची लुगडी विणून पोट भरू लागली. श्रावण महिन्यातून एकदा जाई. ती चहा देई, प्रेमिलाची, म्हणजे श्रावणच्या बायकोची, खुशाली विचारी. तेरा वर्षांत तिनं त्याला एका शब्दानं दोष दिला नव्हता. आणि तेरा वर्षांत त्याला हवामानाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. त्या अंदाजाचं त्यानंही कधी तोंडातून काढलं नव्हतं.

पिवळा तुकडा त्यानं पाकिटात घातला, वर तारीख टाकली.

पुढल्या आठवड्याच्या शुक्रवारी पुन्हा गारा आल्या, या वेळी बोराएवढ्या. श्रावणनं अकरा वेचल्या. त्यातल्या सातांमध्ये सूत निघालं. सगळं पिवळं, आणि पट्टीवर ठेवून पाहिलं तर सातही तुकडे एकाच मापाचे. त्याच्या हाताखालच्या गणपतरावांना त्यानं बोलावलं. गणपतराव निवृत्तीला आलेले, कशानं न हलणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तुकडे पाहिले, आणि मग थर्मासचं झाकण घेऊन अंगणात गेले. श्रावण जिथं वाकला होता तिथूनच त्यांनी डझनभर गारा आणल्या. दोघांनी मिळून कापल्या.

बाराही गारा स्वच्छ होत्या. मध्यावर धूळ, बस.

"माह्यात तं काहीच नाई गा," गणपतराव म्हणाले.

मग श्रावणनं खिडकीतून हात बाहेर काढून एक गार उचलली आणि त्यांच्यासमोर कापली. पिवळं टोक ब्लेडला चिकटून वर आलं.

गणपतरावांनी चष्मा खाली घेतला. "हे वहीत लिहू नका, परातेसाहेब," ते म्हणाले. एरवी ते त्याला श्रावणभाऊ म्हणत. त्या दिवसानंतर ते गारांच्या वेळी अंगणाकडे फिरकले नाहीत.

पाडव्याच्या दिवशी श्रावण तांडापेठेत गेला. गल्लीत गुढ्या उभ्या होत्या, घराघरातून माग बंद होते, त्यामुळे ती गल्ली ओळखू येत नव्हती. पाकिटं त्याच्या खिशात होती. ती दाखवायची की नाही हे त्यानं ठरवलं नव्हतं. वाटेत दोनदा सायकल परत वळवली होती.

मैनाबाई दारातच बसली होती. पन्नाशीला टेकलेली, हाडं दिसणारी बाई, पण हात अजून तरणे. तिच्या मांडीवर सुताची लड होती. किरमिजी.

"या, भाऊजी," ती म्हणाली. "प्रेमिलाले काहून नाई आणलं?"

तो लडीकडे पाहत राहिला. मग तिच्यामागे, खोलीच्या भिंतीला. तिथं खुंट्यांवर आणखी लडी टांगलेल्या होत्या, एकीखाली एक, सगळ्या त्याच रंगाच्या.

"हे कोणाचं काम घेतलं, वैनी?"

"कोणाचं नाई. आपलंच हाय." तिनं शांतपणे लड उलटली. "गारा पडल्या का वेचून आणते मी. टिनावर पडते ना, त्या अंगणात घरंगळते. पितळीत ठेवल्या का पाणी होते अन् सूत राह्यते. पहिल्या वर्षी इवलंसं निघालं. दरसाल निघून राह्यलं. यंदा लई निघालं."

"तेरा वर्षं?"

"तेरा."

श्रावण खाली बसला. त्यानं एक लड हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. त्याचा जन्म कोष्ट्याच्या घरातला. तुटलेलं सूत जोडलं की गाठ येते, कितीही बारीक मारली तरी बोटाला कळते. त्यानं हातभर सूत बोटांतून सरकवलं, मग आणखी हातभर.

"तुकडे तं पेराएवढे निघते, वैनी. गाठी कुठं हाय?"

"गाठ माराच नाई लागत," ती म्हणाली. "टोकाशी टोक लावून पितळीत ठेवते. सकाळी पाह्यलं का एकच तार असते, अन् रातभरात लांबबी होते."

बाहेर एका घरातून पुरणाचा वास येत होता. कुणीतरी रेडिओ लावला होता. श्रावणला वाटलं, आपण उठावं, हे सगळं गोळा करावं आणि चुलीत घालावं. पण त्याच्या हातातलं सूत थंड होतं. चैत्रातल्या दुपारी, टिनाखाली, ते माठाच्या पोटासारखं थंड होतं.

मैनाबाईची नजर त्याच्या खिशावर गेली. "तुमच्याकडंबी आलं ना?"

त्यानं पाकिटं काढली. तिनं ते पिवळे तुकडे तळहातावर ओतले आणि कितीतरी वेळ नुसती पाहत बसली. मग बोटानं एकेक तुकडा सरळ केला.

"काठाचे तार," ती म्हणाली. "सारं आलं होतं, काठाचे तेवढे येत नव्हते. मी म्हणो, कोणाकडं जाऊन राह्यले." मग तिनं मान वर केली. "भाऊजी, आता सांगा. मोठं वादळ कधी येते?"

"कायले पाहिजे?"

"ताणा पाजा लागते. ज्याईच्या हातात होता त्याईलेच दुसरं टोक धरा लागते."

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. प्रेमिलानं विचारलं, ताई बऱ्या आहेत ना. तो हो म्हणाला. जेवताना तो नुसता भात चिवडत बसला. प्रेमिलानं दोनदा विचारलं, मग ताट उचलून नेलं.

पुढच्या आठ दिवसांत तो नकाशांसमोर जास्त वेळ बसू लागला. राजस्थानकडून एक हवेची लाट सरकत येत होती. खालच्या थरात उपसागराची ओल रोज थोडी वाढत होती. बुधवारी तीन एप्रिलला सकाळी त्यानं पाहिलं आणि त्याला कळलं की उद्या येणार. असा योग दहा वर्षांत एखादवेळी जुळतो. त्या संध्याकाळी तो पुन्हा तांडापेठेत गेला. मैनाबाई दारात उभी होती.

"या हप्त्यात काही नाई, वैनी," त्यानं सांगितलं. "आभाळ साफ राहीन. एवढ्यात नका पाजू."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. एखाद्या लहान लेकराकडे पाहावं तशी. "बरं," म्हणाली.

गुरुवारी दुपारी एकपर्यंत ऊन पांढरं होतं. दीडला वारा पडला. कावळे दिसेनासे झाले. दोन वाजून दहा मिनिटांनी ईशान्येला ढगाचं डोकं वर आलं, आणि ते ज्या वेगानं वर चढत होतं तसं श्रावणनं कधी पाहिलं नव्हतं. काठ तासल्यासारखे धारदार, पोट निळंकाळं. वायुदाबाची सुई कागदावर खाली उतरत होती. ढग कामठीवरून नागपूरच्या उत्तरेला सरकत होता, पाचपावलीच्या, तांडापेठेच्या दिशेनं.

तिला माहीत नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. मी साफ राहील म्हणून सांगितलं आहे.

मग तो उठला, गणपतरावांना म्हणाला, "नोंद तुम्ही घ्या," आणि सायकल काढली. सोळा वर्षांत पहिल्यांदा वादळाच्या वेळी तो आपली जागा सोडून निघाला होता.

सीताबर्डीत दुकानदार फळकुटं लावत होते. कापडाचे ठेलेवाले गाठोडी बांधून आडोशाला पळत होते. पुढे रस्ते मोकळे होत गेले. धुळीचा वास आला, आणि तिच्याखाली दुसरा, ओला, लोखंडासारखा. तांडापेठेच्या तोंडाशी पोचला तेव्हा घड्याळात तीन पस्तीस झाले होते आणि सगळ्या घरांची दारं लागलेली होती.

गल्लीच्या मधोमध ताणा ताणलेला होता.

पंचवीस हात लांब, कमरेएवढ्या उंचीवर. किरमिजी, दोन्ही काठांना पिवळा. अलीकडचं टोक मैनाबाईच्या दारापुढच्या खांबाला बांधलं होतं, पलीकडचं एका लाकडी घोडीला. मैनाबाई कुंच्यानं खळ पाजत हळूहळू चालत होती. खळीचा आंबूस वास गल्लीभर होता.

"वैनी!" त्यानं सायकल टाकून दिली. "आत चला. काय करून राह्यल्या तुम्ही? मी सांगतलं होतं ना..."

"तुम्ही सांगतलं साफ राहीन म्हणून." ती थांबली नाही. "सकाळी रेडिओवर म्हणे तुरळक ठिकाणी वादळ. मंग म्या खळ शिजवली."

श्रावणचे पाय जागीच थांबले.

"तवाबी ऐकलं होतं म्या," ती म्हणाली. "उमरेडले. पानठेल्यावर रेडिओ लागला होता, पाणी आणाले गेली तं कानावर आलं. घरी आली तं तुम्ही म्हणून राह्यले होते, काही येत नाही. शिकलेला माणूस. म्हटलं आपल्याले काय समजते. बोलली नाई." तिनं कुंचा खाली ठेवला आणि दारापुढचा खांब धरला. "तुमाले ठाऊक होतं. मले ठाऊक होतं. त्याईलेच नव्हतं."

पहिला वारा आला आणि पलीकडची घोडी आडवी पडली.

श्रावण तिला ओढायला धावला. त्यानं तिचा दंड धरला, पण तिनं खांब सोडला नाही. ताणा आता उडेल, असं त्याला वाटलं. घोडी पडली होती, टोक मोकळं होतं. मग धुळीची भिंत गल्लीत शिरली, समोरचं घर दिसेनासं झालं, आणि टिनांवर एकदम गारांचा आवाज सुरू झाला, कानात दुसरं काही उरू नये असा.

दोघं छपराच्या आडोशाला भिंतीला चिकटून उभे राहिले. मैनाबाईनं अलीकडच्या टोकावर हात ठेवला होता.

श्रावणनं ताण्याकडे पाहिलं.

तो उडाला नव्हता. लोंबला नव्हता. धुळीत शिरून तो जिथं दिसेनासा होत होता, तिथपर्यंत ताठ होता. वारा डावीकडून येत होता, मग उजवीकडून. सूत हलत नव्हतं. हातात नीट धरून, मागे रेलून, कुणीतरी पेलावं तसं ते पेललेलं होतं.

त्यानं घड्याळ पाहिलं. सवयच होती ती. अकरा मिनिटं गारा पडल्या.

मग थांबल्या, एकदम. धूळ बसली. पश्चिमेकडून ऊन आलं. सगळी गल्ली पांढरी झाली होती, घोट्याएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंतरी एक शेळी ओरडत होती.

ताणा अजून ताठ होता. आणि पलीकडे कुणी नव्हतं.

श्रावण गारांतून चालत गेला. चपला निसटत होत्या. अर्ध्या वाटेत तो थांबला, कारण तिथून दिसलं.

ताण्याच्या टोकाशी, सगळीकडे गारांचा थर असताना, दोन जागा उघड्या होत्या. शेजारीशेजारी. पावलांएवढ्या. तिथं एकही गार पडली नव्हती. खालची धूळ कोरडी होती, टाचांपाशी थोडी दबलेली. बोटं त्याच्याकडे होती.

सूत हळूच सैल झालं आणि गारांवर टेकलं.

मग त्या दोन जागांच्या अलीकडे, एका ढांगेवर, तिसरी जागा उघडी झाली. पाणी झालं नाही. गारा तिथं होत्या, मग नव्हत्या. खाली कोरडी धूळ दिसली.

मग चौथी.

श्रावणला मागे सरता येईना. आवाज काहीच नव्हता. फक्त पावलं जवळ येत गेली तसा खळीचा आंबूस वास दाट होत गेला, आणि गारठा, माठाच्या पोटासारखा.

त्याच्यापासून हातभर अंतरावर पावलं थांबली. दोन्ही, जुळवून. बराच वेळ काही झालं नाही.

"दादा," श्रावण म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. "दादा, मले ठाऊक होतं. मी वाचलं होतं. नाई सांगतलं."

ऊन तसंच होतं. शेळी गप्प झाली होती.

पुढची जागा त्याच्या उजव्या हाताला उघडी झाली, अगदी लगत. त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. मग त्याच्या मागे. तो वळला नाही, वळू शकला नाही. कितीतरी वेळानं वळला तेव्हा त्या कोरड्या जागांची ओळ गारांतून सरळ मैनाबाईच्या दाराकडे गेली होती आणि पायरीपाशी पोचली होती.

मैनाबाई उंबरठ्यावर बसून ताणा गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. ती बसल्या जागेवरून थोडी बाजूला सरकली, एका माणसापुरती वाट सोडून.

आणि मग, हातातलं काम न थांबवता, तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.